दुचाकीवर पाय कोठे ठेवावेत? : फूटरेस्ट आणि फूटबोर्ड यांचा ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात विचार

प्रस्तावना

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली या शहरांतील नोकरदाराचा दिवस लोकलच्या वेळापत्रकाने बांधलेला असला, तरी त्या दिवसाचा आरंभ आणि शेवट बहुधा दुचाकीवर होतो. घरापासून स्थानकापर्यंतचे दोन-तीन किलोमीटर, स्थानकाजवळच्या वाहनतळावर दिवसभर उभी असलेली गाडी आणि संध्याकाळी परतताना हँडलला अडकवलेली भाजीची पिशवी, हे येथील नित्याचे चित्र आहे. प्राध्यापकवर्गापैकी अनेकांचा प्रवास तर संपूर्णपणे दुचाकीवरच होतो. सकाळी सात वाजताचे तास, स्थानकापासून दूर असलेली महाविद्यालये आणि परीक्षांच्या काळातील अवेळी येणे-जाणे यांमुळे डोंबिवलीहून शिळफाटा व मुंब्रा वळणरस्त्यामार्गे ठाणे गाठणारे, किंवा कल्याणहून दुर्गाडी पुलावरून भिवंडीकडे जाणारे सहकारी प्रत्येक शिक्षककक्षात आढळतात.

दुचाकीची निवड करताना या वर्गात चर्चा होते ती किंमत, इंधनाचा खर्च आणि पुनर्विक्रीचे मूल्य यांची. पाठ, कंबर आणि गुडघे दुखू लागले की दोष वयाला किंवा नगरपालिकेला दिला जातो. दोन्ही कारणे खोटी नाहीत. तथापि गाडीवर बसल्यानंतर आपले पाय नेमके कोठे असतात, या प्रश्नाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. मोटरसायकलीत पाय एका आडव्या दांडीवर, म्हणजे फूटरेस्टवर ठेवावे लागतात. स्कूटरमध्ये ते सपाट पत्र्यावर, म्हणजे फूटबोर्डवर ठेवता येतात. यांपैकी अधिक आरामदायी कोणते, असा प्रश्न विचारला असता बहुतेकजण क्षणाचाही विचार न करता फूटबोर्डचे नाव घेतात. प्रस्तुत लेखात या उत्तराची तपासणी केली आहे. सपाट जागा अधिक सुखाची हे स्थिर अवस्थेत खरे आहे. परंतु खड्ड्यांच्या रस्त्यावर आरामाचा निर्णय पायाखालील पृष्ठभाग किती रुंद आहे यापेक्षा तो कमरेच्या तुलनेत किती पुढे आहे यावर अधिक अवलंबून असतो, असे येथे प्रतिपादन आहे. शिवाय या चर्चेत ज्या व्यक्तीचा विचार कधीच होत नाही, ती म्हणजे डबलसीट बसणारी व्यक्ती. तिच्या पायांचा प्रश्न आरामापुरता मर्यादित नाही.

शब्दांविषयी एक खुलासा करणे आवश्यक वाटते. डोंबिवलीकराला ‘फूटबोर्ड’ म्हटले की प्रथम लोकलचा दरवाजा आठवतो. येथे तो अर्थ अभिप्रेत नाही. स्कूटरचा पुढील उभा पत्रा आणि आसन यांमधील सपाट भाग, एवढ्याच अर्थाने तो शब्द वापरला आहे.

दोन परंपरा

फूटबोर्ड हा स्कूटरच्या रचनेचा केवळ एक भाग नव्हे. त्याच्यासाठीच स्कूटरची रचना झाली असे म्हटले तरी चालेल. १९४६ साली इटलीतील पियाज्जो कंपनीने व्हेस्पा बाजारात आणली. तिचे रचनाकार कोर्रादिनो दास्कानिओ हे विमानविद्येतील अभियंता होते आणि मोटरसायकल त्यांना मुळीच आवडत नसे. वंगणाने कपडे खराब होऊ नयेत, पाय वर न उचलता गाडीवर बसता यावे, इंजिन आणि साखळी यांचा स्वाराशी संबंध येऊ नये, या अपेक्षांतून मधला भाग मोकळा ठेवलेली पत्र्याची काया तयार झाली. इंजिन मागील चाकाजवळ गेले आणि स्वाराच्या पायांना सपाट जमीन मिळाली.

महाराष्ट्रात ही परंपरा लौकर रुजली. मुंबईच्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया या कंपनीने लॅम्ब्रेटा स्कूटरची जुळणी केली. बजाज ऑटोने प्रथम पियाज्जोच्या परवान्याने स्कूटरचे उत्पादन केले आणि १९७२ मध्ये चेतक आणली. पुढील दोन दशके चेतकसाठी वर्षानुवर्षे क्रमांक लावून थांबावे लागे, हे आज पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना सांगावयास नको. त्या गाडीत गियर डाव्या मुठीत आणि मागील ब्रेकचे पेडल फूटबोर्डच्या उजव्या अंगास असे. म्हणजे सपाट जागा मिळाली तरी उजव्या पायाला पूर्ण स्वातंत्र्य नव्हते. ते आले गियरविरहित स्कूटरबरोबर, जिच्यात दोन्ही ब्रेक हातांत असतात.

१९८५ मध्ये हिरो होंडाची सीडी १०० आली आणि इंधनाच्या हिशेबाने मध्यमवर्ग मोटरसायकलीकडे वळला. १९९४ च्या स्प्लेंडरने तो कल पक्का केला. या गाड्यांत एक लहानशी सोय अशी होती, जिचे महत्त्व आपल्याकडे चप्पल घालून गाडी चालवणाऱ्यांनाच कळते. गियर बदलण्याची पट्टी दोन्ही टोकांना होती, त्यामुळे चवड्याने किंवा टाचेने दाबून गियर टाकता येत असे. अंगठ्याच्या वरच्या बाजूने पट्टी उचलण्याची गरज उरली नाही. नव्या शतकाच्या आरंभी अ‍ॅक्टिव्हा आल्यानंतर स्कूटरचे पुनरागमन झाले. चेतकचे उत्पादन २००९ मध्ये थांबवण्याची घोषणा झाली आणि २०२० मध्ये तेच नाव विजेवर चालणाऱ्या स्कूटरला मिळाले. तिच्यातही सपाट फूटबोर्ड आहे.

यांत तिसरा प्रकारही आहे. २००५ मध्ये आलेल्या बजाज अ‍ॅव्हेंजरसारख्या गाड्यांत फूटरेस्टच असते, पण ते इतके पुढे सरकवलेले असते की स्वार आरामखुर्चीत पहुडल्यासारखा दिसतो. परदेशी बनावटीच्या काही मोठ्या पर्यटन-मोटरसायकलींत तर रबरी बैठकीवर बसवलेले रुंद फूटबोर्ड असतात. त्यामुळे ‘मोटरसायकल म्हणजे फूटरेस्ट आणि स्कूटर म्हणजे फूटबोर्ड’ हे समीकरण पूर्णतः बरोबर नाही. पुढील विवेचनात या तिसऱ्या प्रकाराचा विशेष उपयोग होईल.

खुर्चीचा प्रयोग

वाचकांनी एक साधा प्रयोग शिक्षककक्षातच करून पाहावा. खुर्चीवर ताठ बसावे, दोन्ही पाय पुढे लांब ठेवावेत आणि हातांचा आधार न घेता, पुढे न झुकता, उठण्याचा प्रयत्न करावा. उठता येत नाही. आता पावले मागे, खुर्चीच्या कडेखाली घ्यावीत. उठणे सहज जमते. कारण उघड आहे. शरीराचा गुरुत्वमध्य पावलांच्या वर आल्याखेरीज पाय शरीराचे वजन पेलू शकत नाहीत.

दुचाकीवरील आरामाचे निम्मे गमक या प्रयोगात आहे. प्रवासी मोटरसायकलीचे फूटरेस्ट साधारणपणे कमरेच्या खाली, किंचित पुढे असते. समोर खड्डा किंवा गतिरोधक दिसताच स्वाराला पायांवर भार देऊन आसनावरून दोन-तीन बोटे उठता येते. त्या क्षणी चाकाकडून येणारा धक्का आसनामार्फत थेट मणक्यांकडे जात नाही. तो घोटा, गुडघा आणि खुब्याचा सांधा यांतून जातो आणि मांडीचे स्नायू त्याचा बराच अंश शोषून घेतात. निसर्गाने या तीन सांध्यांची जी मालिका दिली आहे, तितकी उत्तम शॉकअबसॉर्बरची योजना कोणत्याही कारखान्याला जमलेली नाही. असे उठल्याने गुरुत्वमध्य खाली जातो असे अनेकदा सांगितले जाते. ते चूक आहे. शरीर वर गेल्यावर गुरुत्वमध्य वरच जाणार. लाभ होतो तो निराळ्या कारणाने. गाडी आणि शरीर यांची बांधणी सैल होते, गाडी खाली-वर उसळते आणि वरचे धड बऱ्याच अंशी आपल्या रेषेत राहते.

फूटबोर्डवर पावले कमरेच्या बरीच पुढे असतात. त्यामुळे स्कूटरस्वाराला असे उठता येत नाही. उठावयाचेच झाल्यास हँडलला धरून ओढून घ्यावे लागते, म्हणजे नेमक्या ज्या क्षणी हँडल हलके धरावयास हवे त्या क्षणी त्यावर जोर पडतो. परिणामी खड्ड्याचा धक्का बसलेल्या स्थितीतच सोसावा लागतो. पुढे पाय ठेवलेल्या अ‍ॅव्हेंजरच्या प्रकारातही हीच अडचण येते, यावरून दोष सपाट पृष्ठभागाचा नसून स्थानाचा आहे हे स्पष्ट होते.

स्थानाचा दुसरा परिणाम कंबरेवर होतो. पाय पुढे पसरले की मांडीच्या मागील स्नायू ताणले जातात व ते श्रोणीला मागे खेचतात. कंबरेची नैसर्गिक कमान सपाट होते आणि माणूस माकडहाडाकडे रेलून बसतो. १९६० व १९७० च्या दशकांत स्वीडनमधील आल्फ नाकेमसन यांनी मणक्यांमधील चकतीतील दाब सुईच्या साह्याने प्रत्यक्ष मोजला होता व उभे राहण्यापेक्षा बसताना तो अधिक असतो असे दाखवले होते. १९९९ मध्ये जर्मनीतील हान्स-योआखिम विल्के व सहकाऱ्यांनी पुन्हा मोजमाप केले तेव्हा हा निष्कर्ष जसाच्या तसा टिकला नाही. त्यांना उभे राहताना सुमारे ०.५ मेगापास्कल आणि सैल बसताना सुमारे ०.४६ मेगापास्कल दाब आढळला. मात्र बसूनच कंबरेत पूर्ण वाकल्यावर तो ०.८३ पर्यंत गेला. मापन एकाच व्यक्तीवर झाले होते, हे लक्षात ठेवावे लागेल. तरीही दोन्ही अभ्यासांचा एकत्रित अर्थ आपल्या विषयापुरता पुरेसा आहे. बसणे हे स्वतः घातक नाही. पाठीची कमान हरवून बसणे आणि त्याच स्थितीत धक्के खाणे घातक आहे.

येथवरचे विवेचन वाचून स्कूटरस्वारांनी निराश होण्याचे कारण नाही. फूटबोर्डच्या बाजूने एक मोठा मुद्दा आहे, तो म्हणजे पाय हलवता येण्याचा. फूटरेस्टवर पावलाची जागा ठरलेली असते आणि गुडघ्याचा कोनही ठरलेला असतो. उंच माणसाचा गुडघा काटकोनाहून अधिक दुमडला जातो आणि वाटीच्या हाडामागील दाब वाढतो. चाळिशीनंतर ज्यांना जिना उतरताना गुडघा जाणवतो, त्यांना हाच दाब तासभराच्या प्रवासानंतर जाणवतो. फूटबोर्डवर पाय मागे-पुढे घेता येतात, टाच टेकवता येते, एक पाय पुढे व दुसरा मागे ठेवता येतो. कोणतीही एक स्थिती फार काळ चांगली नसते, त्यामुळे स्थिती बदलण्याची मुभा हीच मोठी सोय ठरते. प्रस्तुत लेखकाने या मार्गांवर दोन्ही प्रकारची वाहने काही वर्षे चालवली आहेत. मोटरसायकलवर गुडघा आणि स्कूटरवर कंबर, असा या शरीराचा अनुभव आहे. अर्थात एका शरीराच्या अनुभवावरून सिद्धांत मांडता येत नाही.

दाब, कंप आणि चप्पल

मानवी शरीराच्या वस्तुमानाची जी प्रमाणित कोष्टके जैवयांत्रिकीत वापरली जातात, त्यांनुसार एका पायाचे वस्तुमान संपूर्ण शरीराच्या सुमारे १६ टक्के असते. त्यांपैकी मांडी १० टक्के आणि गुडघ्याखालील भाग सुमारे ६ टक्के. ७० किलोच्या माणसाचे दोन्ही पाय मिळून २२ किलोंच्या आसपास भरतात. मांडीला आसनाचा आधार मिळाला तर पावलांवर तुलनेने थोडा भार येतो; आसन आखूड किंवा उतरते असेल तर तो वाढतो.

हा भार किती क्षेत्रफळावर पडतो याला महत्त्व आहे. उदाहरणादाखल एका पावलावर ८ किलो भार धरू. रबर लावलेल्या फूटरेस्टवर तळव्याचा सुमारे ३० चौरस सेंटिमीटर भाग टेकतो असे मानले तर दर चौरस सेंटिमीटरला पाव किलोहून थोडा अधिक दाब पडतो. फूटबोर्डवर संपूर्ण तळवा, म्हणजे सुमारे १५० चौरस सेंटिमीटर भाग टेकला तर तोच दाब पाचपटीने घटतो. परंतु हा हिशेब पातळ चपलेचा आहे. कडक तळाचा बूट घातला की दांडीचा भार संपूर्ण तळव्यावर पसरतो आणि फरक बराच कमी होतो. आपल्याकडे फूटरेस्टविषयीची तक्रार पुष्कळदा वस्तुतः चपलेविषयीची तक्रार असते. पाऊल ठेवण्याची जागाही पाहावी. बहुतेकजण तळव्याची कमान दांडीवर ठेवतात, कारण त्यामुळे ब्रेक आणि गियर पायाशी राहतात. मोकळ्या सरळ रस्त्यावर चवडा दांडीवर ठेवला तर घोट्याला काम करता येते आणि धक्का मवाळ होतो.

कंपाचे दोन प्रकार करावे लागतात. रस्त्याकडून येणारा कंप मंद असतो. बसलेल्या मानवी शरीराला उभ्या दिशेतील ४ ते ८ हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला चार ते आठ हेलकाव्यांचा कंप सर्वाधिक जाणवतो; संपूर्ण शरीरावरील कंपाविषयीचे आय.एस.ओ. २६३१ हे आंतरराष्ट्रीय मानक याच आधारावर वेगवेगळ्या वारंवारतांना वेगवेगळे महत्त्व देते. इंजिनाचा कंप याहून कितीतरी जलद असतो. एकाच सिलिंडरचे इंजिन मिनिटाला ५,००० फेरे घेत असेल तर त्याचा मूळ कंप सेकंदाला सुमारे ८३ असतो. तो मणक्यांपर्यंत फारसा पोचत नाही, पण तळवे आणि तळहात यांना झिणझिण्या आणतो.

येथे बांधणीतील एक तपशील निर्णायक ठरतो. अनेक प्रवासी मोटरसायकलींत फूटरेस्टची दांडी थेट इंजिनाच्या तळाशी बोल्टने घट्ट केलेली असते. इंजिनाचा कंप आणि स्वाराचा तळवा यांच्यामध्ये रबराच्या एका नळीखेरीज काही नसते. स्कूटरमध्ये इंजिन मागील चाकाबरोबर हलते व रबरी बुशांच्या दुव्याने कायेशी जोडलेले असते. फूटबोर्ड त्या कायेचा भाग असतो. त्यामुळे पायांच्या झिणझिण्यांपुरता फूटबोर्ड निश्चितच सरस आहे. फूटरेस्टचे रबर झिजून गुळगुळीत झाले तरी वर्षानुवर्षे न बदलणारे स्वार जेव्हा पाय बधिर होण्याची तक्रार करतात, तेव्हा उपाय वैद्यकाकडे नसून कोपऱ्यावरच्या गॅरेजमध्ये असतो.

चाकाचा दोष, फूटबोर्डच्या माथी

स्कूटर कंबर दुखवते या समजुतीत आणखी एक घोटाळा आहे. आपल्या बाजारात फूटबोर्ड बहुधा लहान चाकांबरोबरच मिळतो. ९०/१००-१० मापाच्या टायरची बाहेरील त्रिज्या सुमारे २१७ मिलिमीटर भरते. १८ इंची चाकाच्या प्रवासी मोटरसायकलीची सुमारे ३०० मिलिमीटर. उखडलेल्या पेव्हर ब्लॉकची ५० मिलिमीटर उंचीची कड समोर आली, तर भूमितीनुसार लहान चाक तिला सुमारे ४० अंशांच्या चढाने भेटते आणि मोठे चाक सुमारे ३४ अंशांच्या. अंशांतील फरक लहान दिसतो, परंतु चाकाला मागे ढकलणारा जोर त्यामुळे जवळजवळ चतुर्थांशाने वाढतो. त्याशिवाय लहान चाक खड्ड्यात अधिक खोल उतरते. म्हणजे स्कूटरस्वाराला बसणारा धक्का मुळातच मोठा असतो आणि तो चुकवण्यासाठी पायांवर उठण्याची सोयही त्याला नसते. अलीकडील अनेक स्कूटरना पुढे १२ इंची चाक दिले जाते, ते याच कारणास्तव स्वागतार्ह आहे. फूटबोर्ड हवाच असेल त्याने रंग पाहण्यापूर्वी चाकाचा आकडा पाहावा.

रांगेतील वाहन

आतापर्यंत चालत्या गाडीचा विचार केला. या परिसरात गाडी चालण्यापेक्षा थांबण्याचा काळ कित्येकदा अधिक असतो. तीन हात नाका, कापूरबावडी किंवा काटई नाका येथे सायंकाळी अडकलेल्या दुचाकीस्वाराचे पाय दर दहा-वीस मीटरला जमिनीवर येतात. मोटरसायकल अशा वेळी पायाने ढकलत पुढे नेताना फूटरेस्ट पोटरीला किंवा नडगीला लागते, आणि त्याची खूण घरी गेल्यावर दिसते. फूटबोर्डवरून पाय खाली घेणे व पुन्हा वर ठेवणे यांत काहीच अडथळा नसतो. मात्र रुंद फूटबोर्डमुळे पाय बाजूला फाकवावे लागतात, त्यामुळे कमी उंचीच्या स्वाराला आसनाची उंची कागदावरील आकड्यापेक्षा अधिक वाटते.

घर ते स्थानक या फेरीत प्रत्यक्ष वाहन चालवण्यास दहा मिनिटे लागतात आणि गाडीवर चढणे-उतरणे चार-सहा वेळा घडते. साडी किंवा पंजाबी ड्रेसमधील शिक्षिकेला, तसेच खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या विकाराने त्रस्त असलेल्या कोणालाही पाय वर फेकून टाकीपलीकडे नेणे जमत नाही. डोंबिवलीच्या फडके मार्गावर किंवा मानपाडा रस्त्यावर स्वतः वाहन चालवणाऱ्या स्त्रियांची जी संख्या आज दिसते, तिच्या मुळाशी गियरविरहित इंजिनाइतकाच हा मोकळा मधला भाग आहे. आरामाचे मोजमाप केवळ धावत्या गाडीवर करणाऱ्या तज्ज्ञांच्या हे ध्यानात येत नाही.

पावसाळ्यात, विशेषतः सुमारे अडीच हजार मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या या पट्ट्यात, पुढील पत्र्याने चिखलापासून मिळणारे संरक्षण ही चैन नसून गरज आहे. त्याची दुसरी बाजू अशी की फूटबोर्डवर पाणी साचते आणि गुळगुळीत रबरी चटई निसरडी होते. खाचा असलेली चटई वापरावी आणि पाणी निघून जाण्याची छिद्रे चिखलाने बुजू देऊ नयेत.

फूटबोर्ड सामानासाठीही वापरला जातो. तांदळाची गोणी, पाण्याचा जार, घरपोच माल पोचवणाऱ्या तरुणांच्या पिशव्या हे सर्व तेथेच येते. त्यावेळी पाय ठेवण्यास कडेची दोन बोटे जागा उरते, गुडघे बाहेर जातात आणि अचानक ब्रेक लावताना पाय रोवण्यास काहीच नसते. मोटरसायकलस्वार अशा वेळी गुडघ्यांनी टाकी आवळून शरीर स्थिर ठेवतो. स्कूटरवर टाकीच नसल्याने पुढच्या चढत्या पत्र्यावर पाय दाबणे हाच एक आधार असतो, आणि गोणीने तोही घेतलेला असतो. या जागेवर लहान मूल उभे करण्याची आपली जुनी सवय तर अधिकच चिंतेची आहे. ब्रेक लागताच मुलाचे तोंड हँडलवर आदळते. नऊ महिने ते चार वर्षे वयाच्या मुलाला दुचाकीवर नेताना चालकाशी जोडणारा सुरक्षा-पट्टा व शिरस्त्राण असावे आणि वेग ताशी ४० किलोमीटरहून अधिक नसावा, असा नियम केंद्र शासनाने फेब्रुवारी २०२२ मध्ये अधिसूचित केला व तो एका वर्षाने लागू झाला. फूटबोर्डवर उभे असलेले मूल या व्यवस्थेत कोठेच बसत नाही.

डबलसीट

येथे प्रस्तुत लेखकाला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा मुद्दा येतो. फूटरेस्ट की फूटबोर्ड ही निवड चालकासाठी आहे. मागे बसणाऱ्या व्यक्तीला निवड नाही. मोटरसायकल असो वा स्कूटर, तिच्या वाट्याला घडीची दोन फूटरेस्ट येतात, आणि एका बाजूला पाय टाकून बसणाऱ्या स्त्रीच्या वाट्याला डावीकडील एक अरुंद पायरी. गाडी घेताना चालक आसनावर बसून पाहतो, हँडल फिरवून पाहतो; मागे बसणाऱ्या व्यक्तीला बसवून तिचे पाय कोठे पोचतात हे किती कुटुंबे पाहतात?

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम १२३ नुसार मोटरसायकलीला मागील व्यक्तीसाठी हाताने धरावयाचा पक्का आधार, फूटरेस्ट आणि कपडे चाकात अडकू नयेत म्हणून मागील चाकाचा किमान अर्धा भाग झाकणारे आवरण असणे आवश्यक आहे. आपण ज्याला साडीगार्ड म्हणतो त्याचा उगम या तरतुदीत आहे. गाडी सुटसुटीत दिसावी म्हणून हे आवरण काढून टाकणारे तरुण आपल्या वर्गांत बसतात, ही गोष्ट त्यांना सांगण्यास प्राध्यापकांइतके योग्य दुसरे कोणी नाही.

एका बाजूला बसण्यात शरीरशास्त्राच्या दृष्टीने तीन अडचणी आहेत. दोन्ही पायांचा भार एका बाजूच्या एका पायरीवर येतो. समोर पाहण्यासाठी कंबरेतून पीळ द्यावा लागतो, आणि पीळ दिलेल्या मणक्यांना उभा धक्का अधिक बाधतो. शिवाय आधार एकाच बाजूला असल्याने गाडी उजवीकडे किंवा डावीकडे झुकली की तोल सावरण्यास पायांचा उपयोग होत नाही. दोन्ही बाजूंना पाय टाकून बसणाऱ्या व्यक्तीला खड्ड्यापूर्वी फूटरेस्टवर भार देऊन किंचित उठता येते, बशर्ते पुढच्याने सूचना दिली तर. एका बाजूला बसलेल्या व्यक्तीला खड्डा दिसतही नाही. जुलै २०१८ मध्ये कल्याणच्या शिवाजी चौकात पावसाच्या पाण्याने भरलेल्या खड्ड्यात दुचाकीचा तोल गेला, मागे बसलेली महिला रस्त्यावर पडली आणि वाहनाखाली सापडून मृत्यू पावली. त्या पावसाळ्यात कल्याण-डोंबिवली परिसरात खड्ड्यांमुळे आणखीही बळी गेले. दोष रस्त्याचा होता आणि त्याची जबाबदारी फूटरेस्टवर ढकलता येणार नाही. परंतु रस्ता असा आहे हे माहीत असताना मागे बसणाऱ्या व्यक्तीचे पाय आणि हात पक्के रोवलेले आहेत की नाहीत, हे पाहणे चालकाच्या हाती असते.

निवडीविषयी

वरील विवेचनावरून सर्वांना लागू पडेल असे एकच उत्तर निघत नाही, पण पसंतीचा क्रम सांगता येतो. रोजचा प्रवास तीन-चार किलोमीटरचा, थांबत-थांबत होणारा आणि बाजारहाटाशी जोडलेला असेल, तर फूटबोर्ड निःसंशय योग्य. गुडघेदुखी असेल तर अंतर वाढले तरी तोच बरा, मात्र मोठ्या चाकासह. शिळफाटा किंवा घोडबंदर रस्त्यासारख्या मार्गावर एका दिशेने वीस-पंचवीस किलोमीटर जावयाचे असेल आणि गुडघे शाबूत असतील, तर कमरेखाली फूटरेस्ट असलेली साधी मोटरसायकल पाठीला अधिक सुसह्य ठरते. रविवारी मुरबाडमार्गे माळशेजच्या घाटात जाणाऱ्यांना वळणावर गाडी झुकवावी लागते. तेथे रुंद व खाली असलेला फूटबोर्ड रस्त्याला लौकर घासतो, तर बिजागरीचे फूटरेस्ट घासले तरी दुमडते. पुढे पाय पसरून बसण्याच्या गाड्या छायाचित्रात जितक्या आरामदायी दिसतात तितक्या आपल्या रस्त्यांवर नाहीत, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

असलेल्या मोटरसायकलीला बाहेरून आणलेले फूटबोर्ड बसवून घेण्याची हौस काहींना असते. असे फूटबोर्ड बसवताना ब्रेकचे पेडल आणि गियरची पट्टी यांची जागा बदलावी लागते, आणि ती बदलताना जोडदांड्याची लांबी व ब्रेकचा मोकळा खेळ चुकला तर आरामाच्या शोधात ब्रेक गमावण्याची पाळी येते. त्यापेक्षा नवे रबर, रुंद फूटरेस्ट आणि कडक तळाचे बूट हा मार्ग स्वस्त व निर्धोक आहे.

गाडी निवडताना दुकानातच पाच मिनिटे द्यावीत. स्टँडवरील गाडीवर बसून, हँडल न ओढता, पायांवर उठून पाहावे. नेहमीची पादत्राणे घालून दोन्ही पाय जमिनीवर टेकवून पाहावेत. नंतर मागे जी व्यक्ती रोज बसणार आहे तिला, ती नेसते त्याच कपड्यांत, बसवावे; तिच्या गुडघ्याची उंची आसनाहून फार वर जात नाही ना, दोन्ही पावले पायरीवर पूर्ण मावतात ना, आणि हाताला धरावयास काय आहे, हे तिलाच विचारावे. घरी असलेल्या जुन्या गाडीचे मागील फूटरेस्ट उघडून त्याची बिजागरी सैल झालेली नाही ना आणि त्यावरील रबर जागेवर आहे ना, हे पाहावे. वापर कमी म्हणून दुरुस्तीच्या वेळी सर्वांत आधी विसरले जाते ते हेच.